करवंदाची बासष्टावी पिढी

करवंदाला मारायची वेळ सकाळी साडेदहाची होती. शीघ्रपिढी कक्षाच्या काचेच्या छपरातून तेव्हा ऊन सरळ खाली यायचं, झुडपांच्या सालीखाली रस चढलेला असायचा, आणि मुख्य माळी सिदूमामा गावडे कोपऱ्यातलं मुसळ उचलायचा. साधं भात कांडायचं मुसळ, त्याच्या आईच्या घरचं. कक्षात उष्णता मोजणारी, ओल मोजणारी, पानांचा श्वास मोजणारी चाळीस यंत्रं होती. पण फळ धरायचं ते ह्या मुसळानंच.

हसू नका. ग्रहणात वांझ झाडाला मुसळानं बडवलं की ते पुढच्या सालाला फळतं, असं सिदूच्या गावात बापजाद्यांपासून मानत आले होते, आणि शिकलेली माणसं त्याला हसत आली होती. डॉ. कुमुदिनी सापळेही हसली असती, पण तिची खोड अशी, की हसायच्या आधी मोजून घ्यायचं. तिनं शंभर करवंदं बडवली आणि शंभर तशीच ठेवली. बडवलेली अडीचपट फळली. ग्रहण असो नसो, फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो माराचा. साल दुखावली की झुडूप समजतं आता आपलं काही खरं नाही, आणि मरायच्या आधी बी टाकून घेतं. कुमुदनं त्याला ताडनपद्धत असं भारदस्त नाव दिलं आणि उंबरसडा ह्या कातळी पठाराच्या टोकाला देशी फळझुडूप केंद्र उभं राहिलं.

पद्धत सोपी होती. रोप वाढलं की सात घाव घालायचे. एकवीस दिवसांत पहिला बहर पिकायचा, माळी तो तोडायचे, आणि लगेच पुन्हा सात घाव. दुसरा बहर आला की प्रत्येक झुडपाचं फळ वजन करायचं. सगळ्यात जास्त फळलेली दहा झुडपं निवडायची, त्यांचंच बी पेरायचं, बाकीची उपटून खतात. तीन महिन्यांत एक पिढी. अठ्ठावन्नाव्या पिढीची रोपं वर्षभरापूर्वी सड्यावरच्या चार हजार बंगल्यांच्या कुंपणांना लागली होती. पाणी नको, खत नको, कुणी लक्ष द्यायला नको. खावंसं वाटलं की काठीनं सात रट्टे द्यायचे, तीन आठवड्यांनी ओंजळभर काळीभोर करवंदं. यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं, लोक खूश होते. कुमुद मात्र आपल्या झाडाचं एक फळही तोंडात घालायची नाही. करवंदाचा चीक लागला की तिच्या ओठांना फोड यायचे, म्हणून ती हातमोज्याशिवाय झुडपाला शिवायचीसुद्धा नाही.

त्या दिवशी कक्षात बासष्टाव्या पिढीला दुसरा मार देणं चालू होतं. बाकीचे दोन माळी रजेवर होते, एकटा सिदू मारत होता आणि कुमुदचा मुलगा पराग नोंदी घेत होता. पराग एकतीस वर्षांचा, कक्षाची यंत्रं सांभाळणारा, आईसारखाच फाटक्या तोंडाचा पण मनानं लोणी. लहानपणी तो सिदूच्या खांद्यावर बसून सडाभर हिंडला होता. कुमुद काचेपलीकडे आपल्या टेबलाशी बसली होती. आतलं सगळं तिला दिसत होतं आणि ध्वनिवाहकातून ऐकूही येत होतं.

"पाच... सहा... सात. झाले, मामा."

सिदूनं आठवा घाव घातला.

"अरे झाले की! पुढचं घे."

नववा, दहावा, अकरावा. पांढरा चीक उडून सिदूच्या सदऱ्यावर ठिपके पडले. पराग हसला. "मामा, ह्या झाडाशी काय सात जन्मांचं वैर आहे का तुझं? मरेल ना ते!" असं म्हणत त्यानं पुढे होऊन मुसळ धरलं.

सिदू वळला. कुमुदला त्याचा चेहरा दिसला आणि तो सिदूचा वाटलाच नाही. पहिला घाव परागच्या गळ्याजवळच्या हाडावर बसला. ते मोडल्याचा आवाज ध्वनिवाहकातून टेबलापर्यंत आला. दुसरा कानावर. पराग गुडघ्यांवर बसला, एक हात वर करून "मामा, मी—" एवढंच म्हणाला. तिसरा घाव डोक्यावर. कुमुद दाराकडे धावली, पण कक्षाचं दार दुहेरी. बाहेरचं मिटल्याशिवाय आतलं उघडत नाही. त्याला अकरा सेकंद लागतात. अकरा सेकंद ती काचेवर दोन्ही मुठी आपटत ओरडत होती आणि आत तिच्या पोराला तिच्या डोळ्यांदेखत सिदू ठेचत होता.

दार उघडलं तेव्हा सिदू परागच्या अंगावरून पाय टाकून परत झुडपाशी गेला होता आणि त्यालाच मारत होता. बारा, तेरा, चौदा. कुमुद आत आल्याचंसुद्धा त्याला भान नव्हतं.

अर्ध्या तासानं त्याच्या हातून मुसळ गळलं. तो खाली बसला, परागचं रक्तानं माखलेलं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणायला लागला, "ऊठ रे बाळा. कुणी मारलं रे तुला? ऊठ."

*

दोन दिवसांनी कुमुद पोलीस चौकीत गेली ती काही विचारायला नव्हे. तिला त्या माणसाला एकदा मारायचं होतं. केंद्राचा रसायनतज्ज्ञ डॉ. नझीर परकार तिच्याबरोबर गेला, कारण तिला एकटीला सोडायची त्याला भीती वाटत होती. गजांतून हात घालून तिनं सिदूच्या थोबाडीत मारली. त्यानं चेहरासुद्धा वळवला नाही.

"मारा, बाई. आणखी मारा. मला काय झालं ते मलाच कळत नाही. डोक्यात लाल लाल झालं एवढं आठवतं."

"सिदूमामा," नझीरनं हळूच विचारलं, "त्या सकाळी काही खाल्लं होतंत?"

"घरची भाकरी. आणि ते एक करवंद, रोजच्यासारखं."

"रोजच्यासारखं?" कुमुदचा आवाज चिरकला. "कक्षात खायला बंदी आहे! दारावर पाटी आहे!"

सिदू ओशाळला. म्हाताऱ्या माणसाचं ओशाळणं बघवत नाही. "पाटी आहे, बाई. पण तसं कुणी खाण्यासाठी खात नाही. कोंबडा-कोंबडी करतो आम्ही."

आता हे ज्याला माहीत नाही असं सड्यावर पोर नाही. करवंद दातांनी अर्धं तोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. केंद्रात तीन माळी होते. दिवसभर मुसळ हाणून दंड भरून यायचे, म्हणून प्रत्येक झुडपाशी गेलं की तिघंही त्याचं एकेक फळ चावून बघायचे. ज्याचा कोंबडा, त्यानं त्या झुडपाला मारायचं. सोळा वर्षं हे चाललं होतं. मोजणी चोख, वजनं चोख, यंत्रं चोख, आणि मारणारा कोण हे ठरायचं ते पोरांच्या खेळानं.

नझीर गजांना टेकून उभा राहिला. "मॅडम, चला. प्रयोगशाळेत चला."

प्रयोगशाळेत त्यानं तिला पडद्यावर एक रेघ दाखवली. बासष्ट पिढ्यांच्या फळांचे नमुने शीतपेटीत होते. दोन दिवस न झोपता त्यानं सगळे तपासले होते. पहिल्या पिढीत जे औषधालासुद्धा नव्हतं, ते द्रव्य पंधराव्या पिढीपासून चढत चढत गेलं होतं.

"मी ह्याला कोपद्रव्य म्हणतो. मिनिटाभरात रक्तात उतरतं, मेंदूतला राग आवरणारा भाग बंद पाडतं, अर्धा तास ते दोन तास टिकतं. सिदूमामाच्या रक्तात ते सापडलं. सड्यावर ह्या आठवड्यात जे चाललंय ना, ते बघा."

ते कुमुदला माहीत होतं. निवृत्त मुख्याध्यापकांनी बायकोला गच्चीवरून ढकललं होतं. एका लग्नात करवंदाचं सरबत दिलं आणि वरपक्ष-वधूपक्ष झारे, पळ्या, पेटती लाकडं घेऊन एकमेकांवर तुटून पडले. चौघं जागच्या जागी गेली. लोक म्हणत होते, उन्हाळा वाईट आहे.

"पण हे वाढलं कशानं?" कुमुद म्हणाली. "मी कोप निवडला नाही. मी फळ निवडलं. जास्त फळ देणारं झाड, बस."

"जास्त फळ कुठलं झाड देतं?"

"ज्याला जास्त—" ती थांबली.

"बोला. तुमचीच पद्धत आहे."

"ज्याला जास्त मार बसतो ते."

"आणि मारणाऱ्यानं त्याच झाडाचं फळ नुकतंच चावलेलं असतं. दर वेळी. समजा एखाद्या झुडपाच्या फळात चुकून असं काही आलं, की खाणाऱ्याचं डोकं जरा फिरेल. तो सातऐवजी आठ हाणतो, नोंद सातचीच होते. त्या झुडपाला मूठभर फळ जास्त येतं. तुम्ही त्याचं बी ठेवता. पुढच्या पिढीत नऊ, मग दहा. तुम्हाला वाटत होतं की तुम्ही करवंदाची निपज करताय. बासष्ट पिढ्या ते झुडूप स्वतःला मारणारा माणूस तयार करत होतं."

कुमुदनं पडदा मालवला. मग उठली. "सगळी तोडायची. आज. सड्यावरचं एकेक झुडूप."

"मॅडम, थांबा. आधी एक कापून बघू. कापणं म्हणजेसुद्धा—"

"माझं पोर गेलंय, नझीर!" ती किंचाळली. "तुझं एक कापून बघणं तुझ्यापाशी ठेव!"

डोक्यात राख घालून घेतलेल्या बाईपुढे कोण बोलणार? दुपारी सड्यावरच्या प्रत्येक घरातल्या वाणीयंत्रातून तिचाच आवाज घुमला. करवंदात विष आहे. फळ तोंडात घालू नका. झुडूप मुळापासून तोडा.

लोकांनी ऐकलं. फळ कुणीही खाल्लं नाही. पण पिकलेलं करवंद कोयत्याखाली फुटलं की रस उडतो, ओठांवर उडतो, आणि घाम पुसायला माणूस तोच बरबटलेला हात वापरतो. दहा मिनिटांनी चार हजार बागांमध्ये, हातात कोयते घेतलेली माणसं झुडपांवर तुटून पडली. झुडपं संपल्यावरही कोयते थांबले नाहीत. तिसऱ्या गल्लीत दोन सख्ख्या भावांनी एकमेकांना असं तोडलं, की शेजाऱ्यांना कुणाचं काय उचलायचं ते कळेना. एका बाईनं सासऱ्याचा हात मनगटापासून उडवला आणि तो हात कुंपणापलीकडे फेकून पुन्हा बुंध्याकडे वळली. संध्याकाळपर्यंत सोळा माणसं मेली होती. त्यांनी तोडलेल्या झुडपांच्या ढिगाऱ्यांवरच त्यांचं रक्त वाळत होतं.

आणि एकविसाव्या दिवशी प्रत्येक बुंध्यातून, प्रत्येक कापापासून, वीतभर उंचीच्या दहा-दहा फांद्या फुटल्या. पानं दिसत नव्हती इतक्या त्या करवंदांनी लगडल्या होत्या.

*

"सांगायचा प्रयत्न करत होतो मी," नझीर म्हणाला. त्याच्या आवाजात दोष नव्हता, म्हणून कुमुदला ते जास्त लागलं. "त्याला सात घावांत एवढं फळ येतं. तुम्ही त्याला शंभर घाव दिलेत."

लोकांनी दुसऱ्यांदा तोडलं तेव्हा वीस मेले. पेटवून पाहिलं, तर मुळं जमिनीखालून फुटली आणि राखेतून फळं वर आली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं.

कुमुद तीन दिवस परागच्या खोलीत बसून राहिली. चौथ्या दिवशी नझीर दार न वाजवता आत आला.

"डाळिंबवाले बहर कसा धरतात?"

"पाणी तोडून," ती यांत्रिकपणे म्हणाली. "झाडाला ताण देतात."

"आणि ताण दिलाच नाही तर?"

तिनं मान वर केली. कुठल्याही माळ्याच्या पोराला येईल असं उत्तर होतं. रोज पाणी, घमेलंभर शेणखत, डोक्यावर सावली. झाडाला काही म्हणून कमी पडू दिलं नाही की ते माजतं. पानांवर पानं काढतं, आडवंतिडवं वाढतं, आणि फळायचं विसरतं. सुखी झाडाला मरणाची आठवण होत नाही, मग ते बी कशाला टाकेल?

"लाड करून वांझ करायचं," कुमुद म्हणाली.

"दुसरा मार्ग नाही. मुळासकट काढू म्हटलं तर एक मुळी राहिली तरी पुन्हा सुरू. दोन वर्षं लाड केले तर बुंधे म्हातारे होऊन आपोआप मरतील. मी गणित मांडलंय."

हे सांगणं सोपं, ऐकणाऱ्यांच्या गळी उतरवणं महाकठीण. सभेत एक बाई उठली आणि कुमुदच्या तोंडावर म्हणाली, "ज्यानं माझा नवरा खाल्ला, त्याला मी शेणखत घालू? त्याच्या डोक्यावर सावली धरू? तुम्ही धराल का हो, बाई?"

कुमुदपाशी एकच उत्तर होतं. ती सगळ्या सभेला घेऊन शीघ्रपिढी कक्षात गेली. परागचं रक्त ज्याच्या मुळाशी सांडलं होतं ते झुडूप समोर उभं होतं, मुसळाच्या घावांनी साल फाटलेलं आणि फळांनी वाकलेलं. तिनं हातमोजे घालून एकेक फळ काढून पुरलं. फाटलेल्या सालीला शेणमातीचा लेप दिला, फडक्यानं बांधला. आळं केलं, खत घातलं, झारीनं पाणी घातलं. काम करताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती थांबली नाही. ती मघाची बाई पुढे आली आणि तिनं सावलीची जाळी बांधायला हात लावला.

त्यानंतर उंबरसड्यावर जे दिसलं ते कुणी सांगितलं तर खरं वाटणार नाही. माणसं सकाळी उठून आपापल्या वैऱ्याला न्हाऊ घालत होती. दात-ओठ खात होती, शिव्या देत होती, पण आळं करत होती, तण काढत होती, कीड पडली तर कडुलिंबाचा काढा फवारत होती. झुडपं माजली. पानं हिरवीगार, हाताएवढी लांब पालवी. फुलं येईनाशी झाली. दुसऱ्या महिन्यात सड्यावर एकही मारामारी झाली नाही.

कुमुद रोज सकाळी कक्षात जायची आणि परागच्या झुडपाला पाणी घालायची. तेही माजलं होतं. पालवी एवढी सुंदर आली होती की कुणीही बघत राहावं. आणि तेच तिला सहन होईना. पराग मातीत होता आणि हे इथे गोंडस होऊन डुलत होतं. एके सकाळी तिनं झारी खाली ठेवली, खोऱ्याचा दांडा उपसला आणि एक फटका मारला. एकच. मग दुसरा. हात शिवशिवत होते, ते मोकळे झाले. कितीतरी दिवसांनी तिला श्वास पुरता आत घेता आला. कितवा मारून थांबली, हे तिनं मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काही मोजलं नाही. मग घाईघाईनं तिनं साल बांधली, दुप्पट खत घातलं, आणि पुन्हा असं करायचं नाही अशी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारलं.

तीन आठवड्यांनी नझीर धावतच तिच्या टेबलाशी आला. टेहळणीयंत्रानं सड्याच्या सगळ्या बागा वरून पाहिल्या होत्या. जवळजवळ चार हजार बागांत झुडपं वांझ होती. सदतीस बागांत मात्र ती फळांनी वाकली होती.

"ही यादी," तो म्हणाला. "ह्यांनी लाड केले नाहीत म्हणावं, तर शेजारी सांगतात की रोज पाणी घालतात. चोरून फळ खाऊन मारत असतील म्हणून मी सगळ्यांचं रक्त तपासलं. कोपद्रव्याचा थेंब नाही. मला काही समजत नाही, मॅडम."

कुमुदनं यादी वाचली. तिसरी गल्ली, ते दोन भाऊ. मुख्याध्यापकांचं घर. लग्नघर. सभेत उठलेली ती बाई. पुढची नावं तिनं न बघताच म्हणून दाखवली, कारण ही यादी तिला पाठ होती. ह्या प्रत्येक घरी ती माफी मागायला गेली होती.

"ही मेलेल्यांची यादी आहे, नझीर. ज्या घरातलं माणूस गेलं, तेवढीच घरं."

"पण त्यांनी काही खाल्लं नाही!"

"मीही काही खाल्लं नाही." तिनं दंड पुढे केला. "घे रक्त. आणि मग आत जाऊन माझं झुडूप बघ. तुझ्या यंत्राला काचेच्या छपराची चमक आड आली, नाहीतर यादीत अडतीस नावं असती."

नझीरनं रक्तपरीक्षक तिच्या दंडाला लावला. पडद्यावर शून्य आलं. तो कक्षात गेला आणि थोड्या वेळानं परत येऊन समोरच्या खुर्चीत बसला.

"आपण चुकलो," कुमुद म्हणाली. "बासष्ट पिढ्या आपण ते रसायन निवडत होतो असं तू म्हणालास. नाही. आपण फक्त मार निवडला. मार कुठल्या वाटेनं येतो ह्याच्याशी झाडाला देणंघेणं नाही. फळ खाल्लेला माणूस त्याला अर्धा तास मारतो. पण त्या अर्ध्या तासात त्यानं कुणाचा जीव घेतला, तर मेलेल्याची आई त्याला जन्मभर मारते, आणि तिला फळ खावं लागत नाही. जे झुडूप जास्त माणसं मारेल, त्यालाच जास्त मार बसेल. कोप हा नुसता मोहोर होता, नझीर. खरं पीक दुःखाचं आहे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि आता ते झाडालाही कळतंय."

"मग ह्या घरांतल्या झुडपांची काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवी. ज्याला त्यांचा राग नाही असं."

"सड्यावर असं कोण उरलंय?"

नझीरनं यादी पुन्हा समोर ओढली. मग अगदी हळू म्हणाला, "ज्यांनी मारलं, ते. जामिनावर सुटलेत ते सगळे. मी भेटलोय त्यांना. त्यांच्यात कुणाला मारण्याएवढा राग शिल्लक नाही, मॅडम. डास बसला तरी हात उचलत नाहीत."

सदतीस घरांनी आधी दारं लावून घेतली. साहजिक आहे, नवऱ्याला मारणाऱ्याला बागेत कोण घेईल? कुणीतरी पहिलं दार उघडायला हवं होतं, आणि ते कुणी उघडायचं हे कुमुदला कुणी सांगायला नको होतं. सोमवारी सकाळी सिदू गावडे केंद्राच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याचे सगळे केस पिकले होते. तिनं त्याला झारी दिली, कक्षात नेलं आणि झुडूप दाखवलं.

सिदू झुडपापाशी उकिडवा बसला, साल चाचपून पाहिली, आणि आळ्यातली माती हातानं भुसभुशीत करू लागला. कुमुद त्याच्या मागे उभी होती. वाकलेली मान, सदऱ्याखालची हाडं. दांडा तिच्या हातात कधी आला ते तिला समजलं नाही.

"बाई," मागे न बघता सिदू म्हणाला, "हातात काही आहे?"

"आहे."

"उगारलंय?"

"हो."

"झाडाला लागू देऊ नका. तेवढं सांभाळा." असं म्हणून तो सरकून बसला, अशा बेतानं की ती आणि झुडूप ह्यांच्यामध्ये त्याची पाठ यावी. मग त्यानं झारी उचलली आणि पाणी घालायला लागला.

एकविसाव्या दिवशी नझीर तपासायला आला. सिदू कक्षाच्या पायरीवर उघडा बसला होता. पाठीवर जुने-नवे वळ उठले होते, काही काळेनिळे, काही ताजे. कुमुद त्याच्यामागे बसून त्यांना हळद-तेल लावत होती आणि हुंदके देऊन रडत होती. नझीरनं आत जाऊन झुडपाची एकेक फांदी वर करून पाहिली.

"साहेब," सिदूनं बाहेरून हाक मारली, "फूल आलंय का?"

"नाही आलं."

"मग ठीक आहे," सिदू म्हणाला. "उद्या त्या भावांच्या घरी जातो. तिथली आई बोलवतेय."